लहान राज्याचे बळ : करवीर आणि लक्झेंबर्ग

इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांची दृष्टी स्वभावतःच मोठ्या साम्राज्यांकडे वळते. रोमन, मोगल, ब्रिटिश अशी नावे उच्चारली की शतकांचा पट डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि त्यांच्या छायेत वावरलेली लहान राज्ये तळटिपांपुरती उरतात. तथापि स्वातंत्र्य कशाच्या आधारावर टिकते, या प्रश्नाचे उत्तर मोठ्या साम्राज्यांपेक्षा लहान राज्यांच्या चरित्रात अधिक स्पष्टपणे सापडते. बलाढ्य राज्याच्या चुका त्याच्या बळाखाली झाकून जातात. लहान राज्याला ती सवलत नसते. शेजाऱ्याची मर्जी फिरली, एखादे बंदर हातचे गेले, एखादा किल्ला पडला, की त्याच्या साऱ्या आयुष्याला निराळे वळण लागते.

या दृष्टीने करवीर राज्याचा इतिहास पाहावयाचा असेल, तर त्याच्या शेजारी युरोपातील एक लहानसे राज्य ठेवून पाहणे उपयोगाचे ठरते. ते राज्य म्हणजे लक्झेंबर्ग. फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियम या तीन देशांच्या सांध्यावर वसलेल्या या राज्याचा विस्तार अवघा एक हजार चौरस मैलांच्या आसपास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची लोकसंख्या अडीच लाखांच्या आत होती. त्याच सुमारास, जहागिऱ्या धरून, करवीर संस्थानचा विस्तार सुमारे ३२०० चौरस मैल होता आणि १९०१ च्या खानेसुमारीत तेथील लोकसंख्या नऊ लाखांवर गेली होती. म्हणजे ज्यास आपण ‘संस्थान’ म्हणत आलो, ते विस्ताराने आणि लोकसंख्येने युरोपातील त्या स्वतंत्र राष्ट्राच्या तिपटीहून मोठे होते. मग एकाला राष्ट्रांच्या पंक्तीत आसन मिळाले आणि दुसरे एका जिल्ह्यात परिणत झाले, असे का व्हावे? आणि असे झाले म्हणून करवीरचे कार्य निष्फळ ठरले काय?

दोन्ही राज्यांचा जन्म विभागणीतून झाला, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ साली व्हिएन्नाच्या परिषदेने लक्झेंबर्गची ग्रँड डची निर्माण केली आणि ती हॉलंडच्या राजाकडे सोपविली. पुढे बेल्जियमने हॉलंडविरुद्ध उठाव केला. त्याचा निकाल लागून १८३९ च्या लंडनच्या तहाने लक्झेंबर्गचा अर्ध्याहून अधिक मुलूख बेल्जियमला गेला. जो भाग उरला तो स्वतंत्र राज्य म्हणून मान्य झाला. हेच वर्ष तेथील लोक आपल्या स्वातंत्र्याचे वर्ष मानतात.

करवीरची कथा याहून शतकभर जुनी आहे. १७०० साली छत्रपती राजाराम महाराजांचा सिंहगडावर अंत झाल्यावर महाराणी ताराबाईंनी आपल्या अल्पवयी पुत्राच्या नावे औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली. १७०७ साली बादशहा मरण पावला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि त्याच वर्षी खेडच्या लढाईत ताराबाईंच्या पक्षाचा पराभव झाला. साताऱ्याची गादी शाहूंकडे गेली. १७१० साली पन्हाळ्यास ताराबाईंनी वेगळी गादी स्थापिली. १७१४ मध्ये तेथे राज्यक्रांती होऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी महाराज गादीवर आले. दोन्ही गाद्यांमधील कलह पुढे सतरा वर्षे चालला आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने मिटला. वारणा नदी ही उत्तरेची सीमा ठरली. एकाच घराण्याच्या दोन शाखा, एकच भाषा, एकच देवधर्म, आणि मध्ये एक नदी, अशा रीतीने करवीरचे स्वतंत्र राज्य कायदेशीरपणे अस्तित्वात आले.

या राज्याला आरंभीच एक थोर मुत्सद्दी लाभला होता. रामचंद्रपंत अमात्य यांनी १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध केलेले ‘आज्ञापत्र’ हे राजनीतीवरील मराठीतील विख्यात प्रकरण. त्यात दुर्ग आणि आरमार यांच्या बरोबरीने साहुकारांचा विचार केलेला आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. व्यापाऱ्यांमुळे राज्याला शोभा येते, दुर्मिळ वस्तू येतात आणि संकटसमयी कर्ज मिळते, म्हणून त्यांस परमुलखातून आणून वसवावे, असे अमात्यांचे मत होते. मात्र टोपीकर म्हणजे युरोपीय व्यापारी हे इतर साहुकारांसारखे नव्हेत. त्यांच्यामागे त्यांचे राजे उभे आहेत, तेव्हा त्यांस किनाऱ्यालगत वखारीसाठी जागा देऊ नये, असाही त्यांचा इशारा होता. लहान राज्याचे हित व्यापारात आहे आणि त्याचा धोकाही व्यापारातूनच येणार आहे, हे इतक्या लवकर ओळखणारा पुरुष त्या काळात विरळा. पुढील शंभर वर्षांनी त्यांचा इशारा अक्षरशः खरा करून दाखविला.

अठराव्या शतकात करवीरचे महत्त्व त्याच्या भूगोलात होते. पूर्वेस कृष्णाकाठची काळी जमीन, मध्ये सह्याद्री, पश्चिमेस कोकणपट्टी आणि मालवणचे बंदर. आंबा, गगनबावडा, फोंडा या घाटांनी देशावरचा माल खाली उतरे आणि मीठ, मासळी, खोबरे वर चढे. मालवणसमोर शिवछत्रपतींनी बांधलेला सिंधुदुर्ग उभा होता. तेथील आरमार परवाना न घेता जाणारी जहाजे पकडी. इंग्रज त्यास चाचेगिरी म्हणत. करवीर दरबार आपल्या पाण्यावरील आपला हक्क समजे. १७६५ साली मुंबईकर इंग्रजांनी मोहीम काढून सिंधुदुर्ग घेतला आणि त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. पुढील वर्षी तह होऊन, दंड भरण्याच्या अटीवर, तो परत मिळाला. त्या वेळी राज्याची सूत्रे संभाजी महाराजांच्या राणी जिजाबाई यांच्या हाती होती. १७९२ च्या दुसऱ्या तहात इंग्रजांना मालवण व कोल्हापूर येथे वखारी घालण्याची मोकळीक द्यावी लागली. अमात्यांनी जे देऊ नये म्हणून बजावले होते, तेच पाऊणशे वर्षांनी दंडाच्या हिशेबात देणे प्राप्त झाले.

भूप्रदेशावर परिस्थिती याहून सोपी नव्हती. पुण्याचे पेशवे आणि त्यांचे सरदार पटवर्धन हे उत्तरेस व पूर्वेस, सावंतवाडीकर पश्चिमेस, पोर्तुगीज गोव्यास, आणि दक्षिणेत हैदर व पुढे टिपू. चिकोडी आणि मनोळी हे दोन सुपीक तालुके तर सतत या हातून त्या हाती जात राहिले. करवीरने कधी हैदराशी संधान बांधले, कधी पेशव्यांशी समेट केला. १७९९ साली पट्टणकुडीच्या लढाईत पटवर्धनांचा पराक्रमी सेनानी परशुरामभाऊ करवीरच्या फौजेशी लढताना पडला. या धामधुमीत रयतेचे हाल झाले, हे नाकारता येणार नाही. परंतु याच धामधुमीत राज्य टिकले, हेही तितकेच खरे. भोवती अनेक सत्ता होत्या, आणि त्यांतील कोणाही एकीला दुसरीने करवीर गिळंकृत करावे असे वाटत नव्हते. लहान राज्याला श्वास घेण्यास जागा मिळते ती बहुधा मोठ्यांच्या परस्परमत्सरातच.

हा मत्सर संपला तेव्हा करवीरचे परराष्ट्रकारणही संपले. १८१२ साली झालेल्या तहाने करवीरने मालवणचे बंदर व सिंधुदुर्ग इंग्रजांच्या स्वाधीन केला आणि त्यांच्या संमतीवाचून कोणाशी युद्ध न करण्याचे मान्य केले. मोबदल्यात इंग्रजांनी परचक्रापासून संरक्षणाची हमी दिली. सहा वर्षांनी पेशवाई बुडाली. पेशव्यांविरुद्ध केलेल्या मदतीबद्दल चिकोडी व मनोळी करवीरला मिळाले खरे, पण ज्याच्याविरुद्ध ही हमी घेतली होती तो शत्रूच आता उरला नव्हता. उरला तो केवळ हमी देणारा. १८२७ व १८२९ च्या करारांनी फौजेवर मर्यादा आल्या, दिवाण नेमण्याचा अधिकार गेला, आणि चिकोडी व मनोळी पुन्हा गेले ते कायमचेच.

येथेच लक्झेंबर्गशी तुलना उपयोगी पडते. १८६७ साली फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन लक्झेंबर्ग विकत घेऊ पाहत होता. प्रशियाचा बिस्मार्क ते होऊ देणार नव्हता. युद्धाचे ढग जमले होते. लंडनला परिषद भरून असे ठरले की, प्रशियाचे सैन्य तेथून निघून जावे, तेथील प्रचंड किल्ला पाडून टाकावा आणि ते राज्य सदैव तटस्थ राहावे. या तटस्थतेची हमी युरोपातील अनेक सत्तांनी मिळून घेतली. हमी शब्दशः पाहिली तर करवीरला १८१२ मध्ये मिळालेल्या हमीहून ती फारशी वेगळी दिसत नाही. भेद एवढाच की, एका हमीमागे परस्परांवर डोळा ठेवणारी अनेक राष्ट्रे होती, आणि दुसरीमागे एकच. अनेकांनी दिलेली हमी हे संरक्षण असते. एकट्याने दिलेली हमी हळूहळू स्वामित्वात परिणत होते. लक्झेंबर्गचे लोक करवीरच्या लोकांहून अधिक शूर होते म्हणून त्यांचे राज्य वाचले, असे इतिहास म्हणत नाही.

किल्ल्यांची गोष्टही अशीच समांतर आहे. लक्झेंबर्गचा किल्ला ‘उत्तरेचे जिब्राल्टर’ म्हणून ओळखला जाई. तो पाडण्याचे काम १८८३ पर्यंत चालले. करवीरचे गड याच्या आधी पडले, आणि ते रक्त सांडून. गडाच्या रक्षणाच्या मोबदल्यात पिढ्यान्‌पिढ्या जमिनी खाणारे गडकरी इंग्रजांनी नेमलेल्या कारभाऱ्याच्या नव्या व्यवस्थेने बिथरले आणि १८४४ साली सामानगड, भुदरगड, पन्हाळा येथे त्यांनी बंड उभारले. ते मोडल्यावर गडांची तटबंदी पाडण्यात आली आणि कारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गेला. १८५७ साली कोल्हापुरातील सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला. महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांस कराचीस नेऊन ठेवण्यात आले. १८६२ च्या करारानंतर अंतर्गत कारभाराचा अधिकार व दत्तकाचा हक्क परत मिळाला. समुद्र गेला होता, फौज गेली होती, गड गेले होते, परराष्ट्राशी बोलण्याचा हक्क गेला होता. हाती राहिला होता तो आपल्या रयतेचा कारभार.

लष्करी महत्त्व गेलेल्या लहान राज्याने पुढे काय करावे? लक्झेंबर्गने याचे उत्तर बाजारात शोधले. १८४२ पासूनच ते जर्मन जकातसंघात सामील झाले होते. दक्षिणेकडील खाणींत लोहखनिज मुबलक होते, पण त्यात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्याने त्यापासून चांगले पोलाद होत नसे. १८७९ च्या सुमारास थॉमस नावाच्या इंग्रज संशोधकाने त्यावर तोड काढली आणि शेतीवर जगणारा तो दरिद्री देश काही दशकांत पोलादाचा देश झाला. भट्टीतून निघणारी मळीसुद्धा खत म्हणून विकली जाऊ लागली. १८८१ मध्ये तेथे प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. शेजाऱ्यांना ज्याची भीती वाटे ते मोडून पडले होते. शेजाऱ्यांना ज्याची गरज होती ते उभे राहिले.

करवीरने हेच केले, परंतु त्याच्याजवळ लोखंड नव्हते. पाणी, ऊस आणि माणसे होती. प्रथम रस्ता हवा होता. कोल्हापूर-मिरज लोहमार्गाचे काम १८८८ साली सुरू झाले आणि १८९१ साली गाडी धावू लागली. तोवर देशावरचा माल बैलगाड्यांनी घाट उतरून राजापूर-वेंगुर्ल्याच्या बंदरास जात असे. आता तो मिरजेवरून मुंबईस जाऊ लागला. १८९४ साली शाहू छत्रपतींनी राज्याची सूत्रे हाती घेतली आणि पुढील वर्षीच रेल्वेच्या कडेला शाहूपुरीची पेठ वसविण्यास आरंभ झाला. परगावच्या व्यापाऱ्यांस जागा व सवलती देऊन बोलाविण्यात आले. अमात्यांच्या नीतीतील साहुकारविषयक उपदेश पावणेदोनशे वर्षांनी असा अमलात आला. पंचगंगेच्या खोऱ्यातील गूळ येथे सौद्यास येऊ लागला आणि कोल्हापुरी गूळ म्हणून गुजरातपर्यंत ओळखला जाऊ लागला. १९०६ मध्ये सूत काढून कापड विणणारी शाहू मिल निघाली.

उसाला पाणी हवे, आणि पाऊस चार महिन्यांचा. म्हणून भोगावती नदीवर धरण बांधण्याची योजना १९०७ पासून हाती घेण्यात आली. आपल्या कन्येच्या नावाने महाराजांनी राधानगरी हे गाव वसविले. एका संस्थानच्या खजिन्याच्या मानाने हे काम फार मोठे होते आणि ते महाराजांच्या हयातीत पुरे झाले नाही. भिंत काही उंचीपर्यंत येऊन पैशाच्या ओढीने थांबली. राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत ते पुन्हा हाती घेण्यात आले आणि देश स्वतंत्र झाल्यावर पूर्णत्वास गेले. ज्याने पायाचा दगड बसविला त्याचे राज्य भिंत पुरी होण्यापूर्वी नकाशावरून नाहीसे झाले, पण भिंत मात्र थांबली नाही. त्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे आजही पावसाळ्यात तलाव भरला की आपोआप उघडतात.

तथापि पाणी आणि पेठ यांहून अधिक दूरगामी काम माणसांचे होते. १८९४ मध्ये दरबारच्या सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागा ब्राह्मणांकडे होत्या. शिक्षण थोड्यांजवळ होते म्हणून अधिकारही थोड्यांजवळ होता. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. मागोमाग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य आदी समाजांची वसतिगृहे उभी राहिली. एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेस गेले असतानाच २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या गॅझेटात हुकूम प्रसिद्ध झाला की, यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांस द्याव्यात. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय झाला. १९१८ मध्ये कुलकर्णी वतने गेली, आणि पुढील वर्षी अस्पृश्यांच्या मुलांना सरकारी शाळांत इतरांबरोबर बसविण्याचा हुकूम निघाला.

या हुकुमांना त्या काळी कडवा विरोध झाला. परंतु येथे एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. ब्रिटिश मुलखातील अधिकाऱ्यांजवळ साधने पुष्कळ होती, पण असे पाऊल उचलण्याची त्यांना निकड नव्हती. करवीरच्या छत्रपतींजवळ साधने थोडी होती, पण एका सहीने कायदा करण्याचा अधिकार होता, आणि राज्य एवढे आटोपशीर होते की हुकुमाचा परिणाम प्रत्येक तालुक्यात स्वतः जाऊन पाहता येई. लहानपण हे येथे उणेपण ठरले नाही. १९०२ चा तो हुकूम काही हजार चौरस मैलांपुरता होता. त्यामागील तत्त्वाला पुढे साऱ्या हिंदुस्थानच्या राज्यघटनेत स्थान मिळाले.

माणसे शिकली की धंदे आपोआप फुटतात. इचलकरंजी ही करवीरच्या मांडलिक जहागिऱ्यांपैकी एक. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसविला, आणि त्या एका मागातून कापडाचे एक मोठे केंद्र वाढले. कोल्हापूर शहरात बाबूराव पेंटर यांनी १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली व स्वतः कॅमेरा तयार करून चित्रपट घेतले. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये ‘प्रभात’ची स्थापना केली, १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट कोल्हापुरात तयार झाला. विहिरींचे पाणी उपसण्यास तेलावर चालणारी इंजिने लागत, ती दुरुस्त करता करता येथील मिस्त्री ती घडवू लागले आणि ओतशाळा निघाल्या. १९३९ मध्ये शेतकऱ्यांचा सहकारी संघ निघाला. मोठ्या उद्योगपतींच्या भांडवलावाचून, शेती आणि कारागिरी यांच्या जोडीवर उभी राहिलेली ही अर्थव्यवस्था होती.

दोन महायुद्धांनी लहान राष्ट्रांच्या तटस्थतेची किंमत जगाला दाखविली. लक्झेंबर्गवर जर्मनीने १९१४ मध्ये आणि पुन्हा १९४० मध्ये ताबा मिळविला. कागदावरील हमी कामास आली नाही. तरीही त्या लोकांनी आपले राष्ट्रपण सोडले नाही. १९४१ मध्ये जर्मनांनी खानेसुमारीत राष्ट्रीयत्व, भाषा व वंश विचारले, तेव्हा लोकांनी तिन्ही ठिकाणी ‘लक्झेंबर्गी’ असेच उत्तर लिहिण्याचे ठरविले आणि ती मोजणी सोडून द्यावी लागली. १९४२ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध देशभर संप झाला. एकवीस जणांना देहांत शासन भोगावे लागले. याच युद्धाची एक लाट थेट पंचगंगेच्या खोऱ्यात येऊन पोहोचली. रशियाने हद्दपार केलेले आणि इराणमार्गे बाहेर पडलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक स्त्रिया व मुले, १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे वसविण्यात आले. १९४८ पर्यंत तेथे त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, नाटके होत. ज्यांचे राष्ट्र दोन बलाढ्य शेजाऱ्यांनी वाटून घेतले होते, त्यांना आसरा मिळाला तो स्वतःचे परराष्ट्रकारण केव्हाच गमावून बसलेल्या एका लहान संस्थानच्या भूमीत. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीने उखडलेले सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगरची पेठ उभी राहिली.

राज्य कोणाचे, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे शेवटी प्रजेनेच विचारला. लक्झेंबर्गमध्ये १९१९ साली सार्वमत घेण्यात आले. राजघराणे ठेवावे की प्रजासत्ताक करावे, असा प्रश्न होता. मोठ्या बहुमताने लोकांनी ग्रँड डचेस शार्लट यांच्या बाजूने कौल दिला. करवीरमध्ये असे मत कधी घेतले गेले नाही. १९३९ मध्ये माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार आदींनी प्रजापरिषद स्थापून जबाबदार राज्यपद्धतीची मागणी केली, तेव्हा दरबारने दडपशाहीचा मार्ग धरला. ज्या राज्याने रयतेस शिकविले, त्याच रयतेने शिकून राज्याचा हिशेब मागितला, यात विसंगती काहीच नाही. सुशिक्षित प्रजा हे लहान राज्याचे सर्वांत मोठे भांडवल. पण ते फार काळ मुके राहत नाही.

हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर दक्षिणेतील सांगली, मिरज, जमखिंडी आदी संस्थाने मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर आणखी वर्षभर अलग राहिले आणि १ मार्च १९४९ रोजी विलीन झाले. त्यानंतर अवघ्या महिन्याभराने, ४ एप्रिल १९४९ रोजी, लक्झेंबर्गने उत्तर अटलांटिक करारावर सही केली. दोन्ही राज्यांना एकाच ऋतूत एकच गोष्ट उमगली होती : एकटे राहून लहान राज्याचा निभाव लागत नाही. एकाने राष्ट्र म्हणून राष्ट्रांच्या संघात प्रवेश केला. दुसरे आपल्याच भाषेच्या, आपल्याच माणसांच्या मोठ्या देशात मिसळून गेले. १९५२ मध्ये युरोपच्या कोळसा व पोलाद मंडळाचे कार्यालय लक्झेंबर्ग शहरात उघडले. आज युरोपीय संघाचे न्यायालय तेथेच आहे. पोलादाचे दिवस ओसरल्यावर तो देश बँकांच्या धंद्यावर संपन्न झाला.

करवीरला असे आसन मिळाले नाही, याची खंत वाटणे स्वाभाविक आहे. पण ती योग्य जागी असावी. करवीरचे जे गेले ते बहुतेक करारांच्या कागदांवर गेले आणि त्याचे परिणाम दूरवर पोहोचले. १८२७ च्या सुमारास गेलेला चिकोडीचा मुलूख इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात सामील झाला; १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होताना तो जिल्हा म्हैसूरकडे गेला आणि तेथील मराठी भाषकांचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. एका लहान दरबारच्या दुबळेपणाचे ऋण सव्वाशे वर्षांनंतरच्या पिढीने फेडावे, असा इतिहासाचा व्यवहार असतो.

याच्या उलट, राज्याने जे माणसांत आणि मातीत पेरले ते कोणत्याही कराराने काढून घेता आले नाही. शाहूपुरीची पेठ, राधानगरीचे पाणी, वसतिगृहे, १८८० चे राजाराम कॉलेज, ओतशाळा आणि सहकारी संघ ही सारी राज्य गेल्यावरही चालू राहिली. १९६२ मध्ये त्याच पायावर कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ आले. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकन मिळाले. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेस मिळालेले मानांकन महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांतील आठ जिल्ह्यांच्या वाट्याला मिळून आले, म्हणजे करारांनी तोडलेला मुलूख चर्मकारांच्या हातांनी पुन्हा एका नावाखाली आला.

वारणेच्या पाण्यावरून आता कोणत्याही राज्याची सीमा जात नाही. तेथे दोन गाद्यांची हद्द होती, हे सांगावे लागते. राधानगरीचे पाणी शेतात आले कसे, हे मात्र त्या खोऱ्यातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. लहान राज्याच्या स्वातंत्र्याची मुदत पुष्कळदा दुसऱ्यांच्या हाती असते. त्या मुदतीत काय करावयाचे, एवढे मात्र त्याच्या स्वतःच्या हाती असते. आणि करवीरचा जमाखर्च मांडावयाचा तर तो याच रकान्यात मांडला पाहिजे.